जुन्या सामानातला धुराचा वास पावसाळ्यात परत का येतो, आणि तो मुळापासून कसा घालवावा

वापरलेले सामान विकत घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. उन्हाळ्यात घेतलेले लाकडी टेबल किंवा लोखंडी कपाट साबणाच्या पाण्याने पुसले, चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवले आणि वास गेला असे वाटले, तरी जून उजाडून हवा दमट झाली की खोलीचे दार उघडताच तोच शिळा, कडवट धुराचा वास पुन्हा नाकात शिरतो. मग खणात कापराच्या वड्या, कपाटात डांबरगोळ्या, खोलीत सुगंधी फवारा असे उपाय सुरू होतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की वास आपोआप मंदावतो, त्यामुळे शेवटी जो उपाय केला तोच लागू पडला असा समज होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच प्रकार.

हा वास बहुतेक वस्तूंमधून घालवता येतो, असे मी खात्रीने सांगेन. मात्र त्यासाठी वासाच्या मागे न लागता वस्तूवर बसलेल्या थराकडे लक्ष द्यावे लागते. थर जिथे निघतो तिथे तो काढायचा, जिथे निघत नाही तिथे तो बंदिस्त करायचा, आणि जिथे हे दोन्ही शक्य नाही तिथे तेवढा भाग बदलायचा किंवा ती वस्तू घ्यायचीच नाही.

वास येतो कुठून

तंबाखूच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान असतात. ते हवेत बराच वेळ तरंगतात, पंख्याच्या वाऱ्याबरोबर कपाटाच्या पाठीमागे, खणाच्या तळाशी, सोफ्याच्या शिवणींत जातात आणि मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटतात. त्यांत टार, निकोटिन, फिनॉल वर्गातली द्रव्ये आणि काही सेंद्रिय आम्ले असतात. ज्या खोलीत वर्षानुवर्षे सिगारेट किंवा विडी ओढली गेली, तिथल्या प्रत्येक वस्तूवर याचा पिवळसर, किंचित चिकट लेप जमतो आणि त्यातली द्रव्ये थोडी थोडी करून पुन्हा हवेत सुटत राहतात. थंड, कोरड्या हवेत हे सुटणे मंद असते, उष्णतेने ते वाढते. दमट हवेत तर पाण्याचे रेणू लाकूड, कापूस आणि कागद यांच्या तंतूंमध्ये शिरून तिथे धरून बसलेल्या द्रव्यांची जागा घेतात आणि ती द्रव्ये बाहेर पडतात. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता सर्रास ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून वास उसळण्याचे महिनेही तेच असतात.

हा केवळ नाकाला होणारा त्रास मानून सोडून देऊ नये. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी अभिक्रिया होऊन कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या नायट्रोसअमाइन वर्गातली द्रव्ये तयार होतात. आणि हे नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीच्या ज्योतीतून घरातल्या हवेत येत असते. ज्या घरात मूल रांगते आहे आणि हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते आहे, त्या घरात सिगारेटचा लेप असलेली वस्तू ‘होईल सवय’ म्हणून तशीच ठेवणे मला योग्य वाटत नाही.

चुलीच्या धुराची जात वेगळी आहे. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनपासून (लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्यापासून) ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी फिनॉल वर्गातली द्रव्ये बनतात आणि जळक्या लाकडाचा ओळखीचा वास मुख्यतः त्यांचाच असतो; जोडीला ॲसिटिक आम्लही असते. जुन्या घरांच्या स्वयंपाकघरातून आलेले फडताळ, पाट, पेटारे यांवर या धुराबरोबर फोडणीच्या तेलाची वाफही बसलेली असते, त्यामुळे थर काळा आणि तेलकट होतो. देव्हाऱ्यावरचा थर समईच्या तेलाच्या काजळीचा, कापराचा आणि उदबत्तीचा असतो. तो तुलनेने सहज निघतो, पण कोरीव कामाच्या खाचांत घट्ट बसलेला असतो.

आधी निदान

साफसफाईला लागण्यापूर्वी नेमका कोणता थर कुठे आहे, हे पाहून घ्यावे. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून, त्यावर भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकून, वस्तूच्या न दिसणाऱ्या जागी घासावा. कापडावर चहाच्या डागासारखा पिवळा-तपकिरी रंग उतरला तर थर तंबाखूचा आहे असे समजावे; काळा, पसरणारा डाग आला तर काजळी आहे. काहीच रंग उतरला नाही आणि तरीही वास येतो आहे, तर वास वरच्या थरात नसून आत मुरलेला आहे, म्हणजे फोममध्ये, कच्च्या लाकडात किंवा प्लायवूडमध्ये. पॉलिश केलेल्या लाकडावर मात्र कापडाला आलेला तपकिरी रंग पॉलिशचाही असू शकतो, म्हणून तिथे काचेवर, कडीवर किंवा बिजागरीवर घासून पाहावे.

दुसरी चाचणी वस्तू सुटी करून करायची असते. खण, फळ्या, उशा, आरसा असे जे जे निघते ते काढून एकेक भाग मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, तोंड बांधावे, दोन-तीन तास उन्हात ठेवावा आणि मग पिशवी उघडून लगेच वास घ्यावा. अखंड कपाटाला वास येतो असे वाटते, पण अशा तपासणीत बहुधा असे आढळते की, दारे आणि बाजू ठीक आहेत आणि सगळा वास दोन खणांतून व पाठीच्या फळीतून येतो आहे. इथे मेहनत निम्म्याने वाचते. वास घेण्याचे काम मात्र त्या खोलीत सकाळपासून बसलेल्या माणसाने करू नये. नाक सरावते आणि काही मिनिटांतच वास जाणवेनासा होतो. नुकत्याच बाहेरून आलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीला विचारावे.

याच वेळी कुबट वास वेगळा ओळखून ठेवावा. तो बुरशीचा असतो, ओलसर मातीसारखा येतो आणि त्याचा उपाय म्हणजे वस्तू पूर्ण वाळवून बुरशी काढणे. जुन्या पुस्तकांत आणि गाद्यांत धूर आणि बुरशी दोन्ही एकत्र असू शकतात. अशा वेळी बुरशी आधी, धूर नंतर.

सोडा आणि व्हिनेगर यांचा गोंधळ

घरगुती उपायांच्या प्रत्येक यादीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ही दोन नावे असतात आणि बहुतेक जण दोन्ही एकत्र ओततात. फेस येतो, काहीतरी घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते जवळजवळ मिठाचे पाणी. या दोघांची कामे निरनिराळी आहेत आणि ती समजून घेतली तर निम्मे कोडे सुटते.

निकोटिन हे आम्लारिधर्मी आहे. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाशी संयोग झाला की त्याचा क्षार बनतो. हा क्षार हवेत उडत नाही आणि पाण्यात सहज विरघळतो, म्हणून ओल्या कापडाने पुसून काढता येतो. सोड्याचा निकोटिनवर असा परिणाम होत नाही. सोफ्यावर रात्रभर खाण्याचा सोडा भुरभुरवूनही सिगारेटचा वास बराचसा तसाच राहतो, तो यामुळे. याउलट चुलीच्या धुरातली आम्ले आणि फिनॉल यांच्यावर आम्लारी चांगली चालते, तेलकट काजळीही तिनेच सुटते. पण तिथे खाण्याच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा कितीतरी प्रभावी ठरतो.

तंबाखूच्या थरासाठी क्रम असा ठेवावा: एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा द्रवसाबण घालून त्याने टार सोडवावे, स्वच्छ पाण्याने पुसावे, मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन दुसरा हात फिरवावा आणि शेवटी पुन्हा स्वच्छ पाणी. प्रत्येक वेळी कापड बदलावे, कारण मळलेल्या कापडाने पुसणे म्हणजे टार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणे. हातात रबरी मोजे हवेत. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो, म्हणून ॲल्युमिनियमच्या चौकटी, मुठी आणि पट्ट्या यांना तो लावू नये. आणि व्हिनेगर संगमरवरावर किंवा कडाप्प्यावर सांडू देऊ नये, कारण हे दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे असून आम्लाने त्यांची झिलई जाते.

कोरडी काजळी असेल तर पाणी लावण्याआधी ती मऊ ब्रशने हलकेच झाडून किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. कोरड्या काजळीवर थेट ओले कापड घासले तर ती लाकडाच्या रंध्रांत आणि रंगाच्या भेगांत कायमची बसते.

लोखंडी कपाट

जुन्या सामानात धुराच्या दृष्टीने सर्वांत सोपी वस्तू हीच. पत्रा काही शोषत नाही, त्यावरचा भट्टीत पक्का केलेला रंगही फारसे शोषत नाही, त्यामुळे वर सांगितलेली धुलाई नीट केली की वास जातो. तरीही तो उरला तर चार जागा तपासाव्यात: आरशाच्या पाठीमागची फट, जिथे बऱ्याचदा जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायवूड असते; लॉकरच्या आतली बाजू; फळ्यांवर चिकटवलेला जुना कागद किंवा रेक्झिन; आणि कपाटाच्या डोक्यावरचा भाग. धूर वर चढतो आणि कपाटाचे डोके मागच्या मालकाने कधी पुसलेले नसते. तिथे धुळीबरोबर मुरलेल्या टारची साय असते, ती प्लास्टिकच्या पट्टीने खरवडूनच काढावी लागते. आरशामागचा पुठ्ठा धुण्याचा प्रयत्न न करता बदलून टाकावा. बिजागऱ्यांत आणि खणांच्या सरकपट्ट्यांत घातलेले जुने ग्रीस धुराचा वास धरून ठेवते. ते रॉकेलच्या बोळ्याने पुसून नवे घालावे आणि रॉकेलचा वास साबणाच्या पाण्याने लगेच काढावा.

लाकूड

खरी कसोटी लाकडाची आहे. सागवानी टेबल किंवा कपाट बाहेरून पॉलिश केलेले असते, पण खणांच्या आत, तळाला, पाठीला आणि टेबलाच्या पृष्ठभागाखाली सुताराने पॉलिशचा हात फिरवलेला नसतो. धूर या उघड्या लाकडात मुरतो. म्हणून बाहेरची बाजू लखलखीत करूनही खण ओढला की वास येतो.

पॉलिश केलेल्या बाजूंना ओलेकंच कापड लावू नये. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. धुण्याचा सोडा सागावर शक्यतो वापरूच नये, कारण आम्लारीने लाकूड काळपट पडते. पॉलिश कोणते आहे हे कळण्यासाठी कापसाचा लहान बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पायाच्या आतल्या बाजूला काही सेकंद दाबून धरावा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी रंग आला तर ते लाखेचे स्पिरिट पॉलिश आहे. काहीच झाले नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांचे कृत्रिम पॉलिश असण्याचा संभव जास्त. स्पिरिट पॉलिश असेल तर वस्तू सुदैवी म्हणायची, कारण धूर बसलेला जुना थर स्पिरिटनेच उतरवता येतो आणि खाली लाकूड बहुधा स्वच्छ असते.

उघड्या लाकडासाठी मी पुढील पद्धतीवर सर्वाधिक विश्वास ठेवते. खण बाहेर काढून आतून-बाहेरून व्हॅक्यूम करावेत, घट्ट पिळलेल्या व्हिनेगरच्या कापडाने पुसावेत, सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळू द्यावेत आणि मग १२० व त्यानंतर २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच घासावेत. वरचा अगदी पातळ थर निघाला तरी वासात मोठा फरक पडतो. घासताना तोंडाला मास्क असावा, कारण उडणाऱ्या भुशात तोच टार असतो. यानंतर त्या लाकडावर लाखेचे दोन-तीन हात द्यावेत.

लाखेचे महत्त्व इथे मुद्दाम सांगते. लाख हे किड्यांपासून मिळणारे राळेसारखे द्रव्य; भारतात त्याचे सर्वाधिक उत्पादन झारखंडात होते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून लावली की स्पिरिट उडून जाते आणि मागे जो पातळ पापुद्रा राहतो, तो वासाची द्रव्ये अडवण्यात फार कार्यक्षम असतो. आगीत सापडलेल्या घरांच्या लाकडावर आणि भिंतींवर जगभर लाखयुक्त प्रायमर वापरतात ते याच गुणासाठी. आपल्याकडे गल्लीतला पॉलिशवाला हे काम रोज करतो, आणि तरीही खणाच्या आत आणि पाठीला लाख लावून घ्यावी हे फारसे कुणाला सुचत नाही. मलमलच्या कापडात कापूस गुंडाळून केलेली पोटली तो लाखेत बुडवतो, किंचित पिळतो आणि न थांबता लांब हाताने फिरवतो. पोटली एका जागी क्षणभर थांबली तर खालचा थर उचलला जातो. पहिला हात कच्चे लाकूड पिऊन टाकते आणि काहीच लावले नसल्यासारखे दिसते. दुसऱ्या हाताला तुकतुकी येऊ लागते. तिसऱ्यानंतर खण बंद करून दुसऱ्या दिवशी उघडला की फरक नाकाला स्वच्छ कळतो. पॉलिशवाल्याला कामाआधी स्पष्ट सांगावे की, दर्शनी बाजूंची चमक महत्त्वाची नसून तळ, पाठ, खणांच्या चारही बाजू आणि जोडांच्या कडा यांवर एकही कोरडी जागा राहता कामा नये.

याबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लाखेचे काम पावसाळ्यात करू नये, दमट हवेत ती दुधाळ पडते. नोव्हेंबर ते मे हा काळ योग्य. स्पिरिट झटकन पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास समई, निरांजन किंवा शेगडी नसावी. आणि टेबलाच्या वरच्या पृष्ठभागाला केवळ लाख पुरत नाही, कारण गरम भांड्याने आणि पाण्याने तिच्यावर पांढरे डाग पडतात. तिथे वर पीयूचा थर द्यायचा असेल तर खाली मेण काढलेली लाख वापरायला सांगावे, नाहीतर पीयू नीट धरत नाही.

पाठीला लावलेले साधे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड धुराने पिवळे पडले असेल तर त्यावर मेहनत करू नये. चार स्क्रू किंवा खिळे काढून नवी पाठ लावणे स्वस्त पडते आणि निकाल पक्का मिळतो. लॅमिनेट लावलेल्या पार्टिकल बोर्डाच्या बाबतीत कडा पाहाव्यात. लॅमिनेट पुसले जाते, पण जिथे कडेची पट्टी निघून भुसा उघडा पडला आहे तिथून वास येत राहतो. तिथे लाखेचा हात देऊन नवी पट्टी चिकटवावी.

कापड, गादी, सोफा

सुती पडदे, चादरी, अभ्रे कोमट पाण्यात साबणाने धुवावेत आणि शेवटच्या खंगाळण्याच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालावे. वाळल्यावर वास उरला असेल तर पुन्हा धुवावे. वास पूर्ण जाण्याआधी इस्त्री मात्र करू नये, उष्णतेने टारचा उरलेला अंश धाग्यात अधिक पक्का बसतो. गोधडीत कापडाचे अनेक थर असतात, म्हणून ती रात्रभर भिजवून धुवावी आणि कडक उन्हाच्या दिवसांतच धुवावी, म्हणजे आतून ओली राहून कुबट होणार नाही. घोंगडी लोकरीची आणि जुनी पैठणी रेशमाची. दोन्ही प्राणिज तंतू असल्याने धुण्याच्या सोड्याने खराब होतात. घोंगडी थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. जरीच्या रेशमी वस्त्राला घरी पाणी न लावता सावलीत, वाऱ्यावर, रोज घडी बदलत दीर्घकाळ ठेवावे आणि गरज वाटल्यास ड्रायक्लीनिंगला द्यावे.

कापसाची गादी चुलीच्या धुराने वासाळली असेल तर खोळ बदलून कापूस पिंजून घेतल्यावर वास बराच जातो, कारण पिंजताना प्रत्येक तंतू मोकळा होऊन त्याला वारा लागतो. सिगारेटचा वास मुरलेला कापूस मात्र पिंजूनही पुरता सुधारत नाही. वापरलेली फोमची गादी तर घेऊच नये, असे माझे मत आहे. फोमच्या आतल्या प्रत्येक पोकळीपर्यंत धूर पोहोचलेला असतो आणि तिथे पाणी, व्हिनेगर, ऊन यांपैकी काहीच पुरेसे पोहोचत नाही.

सोफ्यालाही हेच लागू पडते. फवारे, शाम्पू आणि वाफेची यंत्रे यांवर खर्च करण्यापूर्वी जवळच्या सोफावाल्याकडे ३२ किंवा ४० डेन्सिटीच्या नव्या फोमचा आणि नव्या कापडाचा भाव विचारावा. सांगाडा सागाचा किंवा शिसवीचा असेल तर फोम, पट्टे आणि कापड काढून टाकणे, सांगाडा पुसून उघड्या भागांना लाख लावणे आणि वर सगळे नवे चढवणे, हाच टिकणारा उपाय. रेक्झिनचा सोफा सिगारेटच्या खोलीतला असेल तर सोडून द्यावा. रेक्झिनला मऊपणा देणाऱ्या तेलकट द्रव्यांतच धुरातली द्रव्ये मुरतात आणि ती उन्हाळाभर सुटत राहतात.

पुस्तके

पुस्तकांना पाणी, व्हिनेगर आणि थेट ऊन तिन्ही वर्ज्य. मऊ ब्रशने कडा आणि पाने झाडावीत, गुळगुळीत पुठ्ठा कोरड्या कापडाने पुसावा आणि पुस्तके उभी, पाने पंख्यासारखी किंचित उलगडलेली, अशी झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवावीत. डब्याच्या तळाशी सक्रिय कोळसा पसरट भांड्यात ठेवावा, तो पानांना लागू देऊ नये. दोन-तीन आठवडे लागतात, घाई चालत नाही. इथे कोळशाबद्दल एक खुलासा करायला हवा: शेगडीत जाळायचा लोणारी कोळसा या कामाला फार दुबळा असतो. सक्रिय कोळसा विशिष्ट प्रक्रियेने असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडून बनवतात, आणि त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ ५०० चौरस मीटरहून अधिक असू शकते. माशांच्या टाक्यांचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत त्याचे दाणे मिळतात. पुरचुंडीत बांधून ते बंद कपाटातही ठेवता येतात, पण थर काढल्यानंतरच. थर तसाच ठेवून नुसता कोळसा ठेवला तर तो भरून निकामी होतो आणि वास कायम राहतो.

विजेच्या वस्तू

पंखा, टीव्ही, स्पीकर, संगणक अशा वस्तू चालू झाल्यावर तापतात आणि वास सोडू लागतात, म्हणून खरेदी करताना त्या किमान वीस मिनिटे चालवून पाहाव्यात. बाहेरचे प्लास्टिक साबणाच्या पिळलेल्या कापडाने पुसता येते. आतल्या पाट्यांवरचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा लागतो, आणि हे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण टीव्हीसारख्या उपकरणांतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित राहू शकतात. कुलरच्या गवताच्या जाळ्या सरळ बदलाव्यात. फ्रीजचा दारावरचा रबर बदलून मिळतो. आतले प्लास्टिक धुऊन दार दोन दिवस उघडे ठेवूनही वास आला तर तो फ्रीज अन्नासाठी घेऊ नये.

काय करू नये

ओझोन सोडणारी यंत्रे भाड्याने आणून खोलीत लावण्याचा सल्ला हल्ली बराच दिला जातो. ओझोन फुप्फुसांना इजा करतो, रबराला तडे पाडतो, आणि निकोटिनबरोबर त्याची अभिक्रिया होऊन नवीन त्रासदायक द्रव्ये तयार होतात. घरात माणसे, पाळीव प्राणी किंवा झाडे असताना त्याचा वापर कधीही करू नये, आणि नसतानाही मी तो सुचवणार नाही. ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळल्यास क्लोरामाइन. बंद न्हाणीघरात दोन्ही जिवावर बेतू शकतात. धूप, उदबत्ती आणि कापूर जाळून धुराचा वास घालवू पाहणे म्हणजे त्याच वस्तूवर आणखी एक थर चढवणे होय. डांबरगोळ्यांचे नॅप्थलीन तर स्वतःच लाकडात आणि कपड्यांत मुरते, आणि मग दोन वास काढत बसावे लागते.

विकत घेण्यापूर्वी

पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार किंवा ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकाने, कुठेही गेले तरी उघड्यावर वाऱ्यात मांडलेल्या वस्तूला वास जाणवत नाही. म्हणून बंद खण शोधावा, तो झटक्यात उघडून लगेच आत नाक न्यावे, मग पूर्ण बाहेर काढून त्याच्या मागच्या फळीचा वास घ्यावा. ताजे पॉलिश किंवा ताज्या रंगाचा उग्र वास असेल तर विक्रेत्याला कारण विचारावे आणि आतल्या कच्च्या लाकडाला प्राधान्याने तपासावे. उपाहारगृहे, परमिट रूम आणि जुनी कार्यालये यांच्या लिलावातून आलेल्या सामानाबाबत विशेष सावध राहावे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारे सुधारित नियम देशभर २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले, त्याआधीची खुर्ची-टेबले वर्षानुवर्षे बंद, धुरकट खोल्यांत राहिलेली असू शकतात. लाकूड अस्सल असेल आणि भाव पडता असेल तर लाखेचा आणि नव्या फोमचा खर्च धरून घासाघीस करावी. विक्रेताही हे गणित जाणतो.

एका प्रकारच्या मालाला मात्र स्पष्ट नकार द्यावा, तो म्हणजे आग लागलेल्या गोदामातला किंवा दुकानातला. अशा आगीत वायरींचे, चपलांचे, पॅकिंगचे प्लास्टिक जळालेले असते. पीव्हीसी जळताना सुटणारा हायड्रोजन क्लोराइड ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो आणि बिजागऱ्या, स्क्रू, विजेचे जोड आतून गंजवत राहतो. त्या वासाला तंबाखूची किंवा लाकडाची छटा नसते. जळक्या वायरीसारखा तो घशाला झोंबतो, आणि असा वास आला की किंमत कितीही कमी असली तरी पुढच्या दुकानाकडे वळावे.